बेथेलमध्ये पूजा नेमकी कोणाची होत होती?

प्रश्न असा आहे: उत्पत्तीच्या २८व्या अध्यायात याकोबाला जिथे शिडीचं स्वप्न पडलं, ते बेथेल ‘देवाचं घर’ आणि ‘स्वर्गाचं दार’ आहे. मग राजांच्या पुस्तकांत आणि आमोस-होशेय या संदेष्ट्यांच्या तोंडी तेच बेथेल पापाचं ठाणं कसं होतं? तिथं याहवेची पूजा व्हायची की सोन्याच्या वासराची?

गेली पंचवीसेक वर्षं मी हिब्रू बायबल शिकवतो आहे. पहिल्या वर्षाच्या वर्गात हा प्रश्न जवळपास दरवर्षी येतो. तो विचारणारा विद्यार्थी मला आवडतो, कारण त्यानं दोन पुस्तकं शेजारी ठेवून वाचलेली असतात. माझं मत आधीच सांगून टाकतो. बेथेलात पूजा याहवेचीच होत होती. उत्तरेकडच्या इस्राएल राज्याचं ते मोठ्या मानाचं देवस्थान होतं आणि त्याची परंपरा यरुशलेमेतल्या मंदिराहून बहुधा जुनी होती. त्याच्यावर ठपका ठेवणारा बराचसा मजकूर यरुशलेमेच्या बाजूच्या लेखकांचा आहे, आणि तो उत्तरेचं राज्य बुडाल्यानंतर आकाराला आला. पण एवढ्यावरच थांबलो तर आमोसावर अन्याय होईल, म्हणून सविस्तर लिहितो. (मराठी बायबलमध्ये ‘परमेश्वर’ येतं तिथे मूळ हिब्रूत बहुतेक वेळा ‘याहवे’ हे नाव असतं. मी तेच वापरतो.)

आधी जागा समजून घेऊ. यरुशलेमेच्या उत्तरेला सुमारे १७ किलोमीटरवर, रामल्लाच्या जवळ, बेतीन नावाचं पॅलेस्टिनी गाव आहे. हेच बेथेल, असं १८३८ साली एडवर्ड रॉबिन्सन या अमेरिकन अभ्यासकानं नावाच्या साम्यावरून आणि जुन्या ग्रंथांतल्या अंतरांवरून ठरवलं. चौथ्या शतकातला युसेबियस बेथेलची जागा यरुशलेमेपासून बाराव्या मैलाच्या दगडापाशी, नियापोलिसच्या म्हणजे आजच्या नाब्लुसच्या वाटेवर सांगतो, तेही जुळतं. डोंगरमाथ्यावरून उत्तर-दक्षिण जाणारा मुख्य रस्ता आणि यरीहोकडून वर चढणारी वाट या भागात एकमेकींना मिळतात. एफ्राईम आणि बन्यामीन या दोन वंशांच्या मुलखांची सीमाही इथूनच जाते. बेथेलच्या साऱ्या कहाणीत हा रस्ता आणि ही सीमा पुन्हा पुन्हा डोकावतात.

आता याकोबाची गोष्ट. संस्थानाचं मूळ सांगणाऱ्या अशा कथेला आपल्या भाषेत नेमका शब्द आहे: क्षेत्रमाहात्म्य. देव इथे कसा प्रकटला, हा दगड कोणी उभा केला, त्यावर तेल का घालायचं, उत्पन्नाचा दहावा भाग इथे का आणून द्यायचा, या सगळ्याची उत्तरं उत्पत्ती २८:१०-२२ या तेरा वचनांत आहेत. याकोब उशाचा दगड उभा करतो, त्यावर तेल ओततो, नवस बोलतो आणि दशमांश कबूल करतो. आणि आमोस ४:४ मध्ये बेथेलास येणाऱ्या यात्रेकरूंचं वर्णन आहे, त्यातही दशमांश आहेच. म्हणजे कथेतला मूळपुरुष जे करतो तेच पुढे भक्त करत होते. किंवा भक्त जे करत होते त्याला मूळपुरुषाचा आधार मिळाला, असंही म्हणता येईल. तेल घातलेल्या उभ्या दगडाचं मोल मराठी वाचकाला वेगळं समजावून सांगावं लागत नाही. पण ‘अनुवाद’ या बायबलच्या पाचव्या पुस्तकाला मात्र तो चालत नाही. ‘असा स्तंभ उभारू नको, याहवेला त्याचा तिटकारा आहे,’ असं अनुवाद १६:२२ मध्ये स्पष्ट आहे. याकोबाची कथा तरीही कोणी काढून टाकली नाही. लोकांच्या मनातलं तिचं स्थान कायद्यापेक्षा जुनं आणि पक्कं होतं, असाच मी याचा अर्थ लावतो.

‘शिडी’ या शब्दाविषयीही थोडं सांगायला हवं. मूळ शब्द ‘सुल्लाम’ संपूर्ण हिब्रू बायबलात या एकाच ठिकाणी येतो. देवदूतांची सतत वर-खाली ये-जा चालली आहे, त्यावरून ती लाकडी शिडी नसून पायऱ्यांची रुंद चढण असावी असं मला वाटतं. मेसोपोटेमियातल्या मंदिरांच्या मनोऱ्यांना असे जिने असत. ‘स्वर्गाचं दार’ हा शब्दही मग देवळाच्या भाषेतलाच वाटू लागतो.

पुढे उत्पत्ती ३१:१३ मध्ये देव स्वतःची ओळख ‘मी बेथेलचा देव’ अशी करून देतो, आणि ३५व्या अध्यायात याकोब तिथे वेदी बांधून त्या जागेला ‘एल-बेथेल’ नाव देतो. ‘एल’ हे कनानी देवमंडळातल्या मुख्य देवाचंही नाव. गावाचं आधीचं नाव लूज होतं, हे बायबल आवर्जून सांगतं. इथे पूर्वी एलचं ठाणं असावं आणि पुढे एल व याहवे एकच मानले गेले असावेत, हा तर्क बहुतेक अभ्यासकांना पटतो, मलाही पटतो. त्याच अध्यायात याकोबाची माणसं शखेमेजवळच्या झाडाखाली परके देव पुरतात, शुद्ध होतात, वस्त्रं बदलतात आणि मग बेथेलला चढून जातात. शखेमेहून बेथेलास जाणाऱ्या खऱ्याखुऱ्या यात्रेच्या विधीची ही आठवण आहे, असं जर्मन अभ्यासक आल्ब्रेख्त आल्ट यांनी सुचवलं होतं.

यात्रेकरूंचं सगळ्यांत जिवंत चित्र मात्र १ शमुवेल १०:३ मध्ये आहे. पुढे इस्राएलचा पहिला राजा झालेल्या शौलाला वाटेत तिघे भेटणार असतात, ‘देवाकडे बेथेलास वर जाणारे’. एकाजवळ तीन करडं, दुसऱ्याजवळ तीन भाकरी, तिसऱ्याजवळ द्राक्षारसाची बुधली. लेखक हे जाता जाता सांगतो, त्यात निषेधाचा सूर औषधालाही नाही. शास्ते २०:२६-२८ मध्ये तर कराराचा कोश, म्हणजे दहा आज्ञांच्या पाट्यांची पवित्र पेटी, बेथेलात आहे आणि पहिला महायाजक अहरोन याचा नातू फिनहास त्याच्यापुढे सेवा करतो आहे. यरुशलेमेत मंदिर होण्याआधीचं बेथेल या वचनांत दिसतं, आणि ते पूर्णपणे अधिकृत आहे.

मग इ.स.पू. ९३०च्या सुमारास राज्य फुटलं. उत्तरेच्या दहा वंशांनी यराबामाला राजा केलं, दक्षिणेला यहूदाचं राज्य दावीदाच्या घराण्याकडे उरलं. १ राजे १२ सांगतं की, लोक यज्ञासाठी यरुशलेमेला जात राहिले तर त्यांचं मन पुन्हा तिकडे वळेल, या भीतीनं यराबामानं सोन्याची दोन वासरं केली. एक उत्तर टोकाला दान इथं बसवलं, दुसरं बेथेलात. बेथेल यरुशलेमेच्या वाटेवरच होतं, त्यामुळे दक्षिणेकडे निघालेला यात्रेकरू तिथेच थांबावा हा हेतू उघड आहे. पण यराबामानं नवा देव आणला, असं त्याच्या स्वतःच्या शब्दांतही नाही. ‘इस्राएला, ज्यांनी तुला मिसरातून वर आणलं ते हे तुझे देव,’ असं तो म्हणतो. मिसरातून सोडवणारा देव म्हटल्यावर याहवेखेरीज कोणाचं नाव ऐकणाऱ्यांच्या मनात येईल? निर्गम ३२ मध्ये अहरोनानं रानात केलेल्या सोन्याच्या वासराविषयी लोक अगदी हेच वाक्य बोलतात, वासरू एकच असताना अनेकवचनात बोलतात, आणि लगेच पुढच्या वचनात अहरोन जाहीर करतो, ‘उद्या याहवेचा सण आहे.’ यराबामाच्या मुलांची नावं नादाब आणि अबीया, तर अहरोनाच्या ज्या दोन मुलांना याहवेसमोरून निघालेल्या अग्नीनं भस्म केलं त्यांची नादाब आणि अबीहू. इतकं साम्य योगायोगानं होत नाही. बेथेलचे पुजारी स्वतःला अहरोनाचे वंशज म्हणवत असावेत आणि निर्गम ३२ची कथा, निदान आपल्या हाती आलेल्या रूपात, त्यांच्यावरच रोखलेली असावी, असं माझं मत आहे.

वासरू म्हणजे तरणा बैल. प्राचीन सीरिया-कनानात तो बळाचं आणि प्रजननाचं चिन्ह होता. उगारित या प्राचीन सीरियातल्या शहराच्या लेखांत एलला ‘बैल एल’ म्हटलं आहे, आणि हदाद हा वादळाचा देव बैलाच्या पाठीवर उभा दाखवतात. म्हणून अनेकांचं म्हणणं असं की बेथेलचं वासरू हे याहवेचं वाहन किंवा आसन होतं आणि त्यावर याहवे अदृश्य उभा आहे अशी कल्पना होती. यरुशलेमेच्या गाभाऱ्यातही पंखवाले करूब होतेच, आणि याहवे त्यांच्यावर अदृश्यपणे बसतो असं मानलं जाई. एकाचं आसन करूब, दुसऱ्याचं बैल. सामान्य भाविकाच्या मनात आसन आणि देव यांत किती अंतर उरलं असेल, हा प्रश्न मात्र खरा आहे. ‘माणसं वासरांचं चुंबन घेतात,’ असं होशेय १३:२ म्हणतं. शोमरोनात, म्हणजे उत्तरेच्या राज्याच्या राजधानीत, १९१०च्या उत्खननात शाईनं लिहिलेली आठव्या शतकातली खापरं सापडली. त्यातल्या एकावर एका माणसाचं नाव आहे ‘एगेलयाउ’, म्हणजे साधारण ‘याहवेचं वासरू’. आईबापांनी पोराला प्रेमानं ठेवलेलं हे नाव आहे, त्यात पाखंडाची जाणीव कुठेही दिसत नाही. त्याही आधीचा, इ.स.पू. बाराव्या शतकातला, सुमारे १८ सेंटिमीटर लांबीचा कांस्य बैल दोथानजवळच्या डोंगरावर सापडला आणि अमिहाई मझार यांनी १९८२ साली तो प्रसिद्ध केला. उत्तरेच्या डोंगरांत बैलाचं हे चिन्ह यराबामाच्या आधीपासून रुजलेलं होतं.

माझ्या मते सगळ्यांत भक्कम पुरावा राजांच्या पुस्तकांतच आहे. उत्तरेचा राजा येहू यानं बआल या कनानी देवाचं देऊळ पाडलं, बआलाचे पुजारी मारले, तिथे शौचकूप केला. आणि मग २ राजे १०:२९ म्हणतं की, बेथेल व दान इथल्या सोन्याच्या वासरांना मात्र त्यानं हात लावला नाही. याहवेसाठी एवढा पेटलेला माणूस वासरांना सोडतो, कारण त्याच्या लेखी ती याहवेचीच होती. एलीया आणि अलीशा हे बआलाचे कट्टर विरोधक, पण वासरांविरुद्ध त्यांच्या तोंडी एक शब्द नाही. उलट एलीयाच्या शेवटच्या दिवशी दोघे बेथेलवरून जातात, तेव्हा तिथला संदेष्ट्यांचा समुदाय अलीशाला भेटायला बाहेर येतो (२ राजे २:३). आपल्या कोकणातले बेने इस्राएल ज्या एलियाहू हन्नाबीला नवस बोलतात आणि ज्याच्या नावानं मलिदा करतात, तो हाच एलीया. ती प्रवासाची ओळ वाचताना मला अनेकदा अलिबागकडचं ते तबक आठवतं.

मग राजांच्या पुस्तकांत जवळजवळ प्रत्येक उत्तरी राजाच्या नावापुढे ‘यराबामाच्या पापापासून तो फिरला नाही’ हे पालुपद का? कारण ती पुस्तकं ‘अनुवाद’च्या कसोटीवर लिहिली आहेत: याहवेसाठी एकच मंदिर, एकच वेदी, आणि ती यरुशलेमेत. ही कसोटी इ.स.पू. सातव्या शतकाच्या अखेरीस पुढे आली. ती तीनशे वर्षं मागे नेऊन यराबामाला लावली तर त्याचा निकाल आधीच लागलेला असतो. पुजारी लेवी या याजकांच्या वंशातले नव्हते, सणाचा महिना त्यानं मनानं काढला, हे आरोपही असेच तपासून घ्यायला हवेत. आठव्या महिन्याच्या १५व्या दिवसाचा सण ही उत्तरेची जुनी कालगणना असू शकते.

आता आमोस. इ.स.पू. ७६०-७५०च्या सुमारास, दुसऱ्या यराबामाच्या भरभराटीच्या काळात, यहूदातल्या तकोवाचा हा गुराखी, उंबराच्या फळांची निगा राखणारा माणूस, सीमा ओलांडून बेथेलात येऊन उभा राहतो. ‘बेथेलास या आणि पाप करा,’ असं तो यात्रेकरूंना म्हणतो. पुजाऱ्यांच्या आमंत्रणाचे शब्द त्यानं उलटे केले आहेत, आणि सणाच्या गर्दीत ते ऐकताना लोकांना काय वाटलं असेल याची कल्पना करून पाहा. पण त्याचं पुस्तक शोधून पाहा, बेथेलच्या वासराचा त्यात उल्लेखच नाही. ‘यरुशलेमेला जा’ असंही तो सांगत नाही. त्याचा आक्षेप वेदीपाशी बसलेल्या माणसांवर आहे. जोड्याच्या जोडापायी गरिबाला विकणारे, गहाण घेतलेल्या वस्त्रांवर वेदीशेजारी लोळणारे, दंडात उकळलेला द्राक्षारस देवाच्या घरात पिणारे (२:६-८), हे लोक यज्ञ करतात आणि देव ते घेत नाही. ‘न्याय पाण्यासारखा वाहू द्या’ (५:२४) हे वचन भिंतीवर लावायला सोपं आहे. ते मुळात एका गजबजलेल्या, श्रीमंत, चांगल्या चालणाऱ्या देवस्थानाच्या उत्सवांना आणि गाण्यांना उद्देशून आहे, हे मात्र विसरू नये.

त्यावर बेथेलचा मुख्य पुजारी अमस्या राजाला कळवतो की, हा माणूस कट करतो आहे. मग आमोसाला म्हणतो, ‘यहूदात पळून जा, तिथे भाकर खा, तिथे संदेश दे. बेथेलात पुन्हा बोलू नको, कारण हे राजाचं पवित्रस्थान आहे, राज्याचं मंदिर आहे’ (७:१३). बेथेलचा दर्जा काय होता हे सांगणारं याहून नेमकं वाक्य बायबलात नाही, आणि ते बेथेलच्या पुजाऱ्याच्याच तोंडी आहे. देवस्थान राजाचं झालं की तिथे कोणी बोलायचं हेही राजाच ठरवतो. माझ्या दृष्टीनं बेथेलचं खरं दुखणं हे होतं, आणि त्या बाबतीत यरुशलेमेचं मंदिरही वेगळं नव्हतं; यिर्मया या संदेष्ट्याला तिथे हाच अनुभव आला.

होशेयाचा सूर निराळा आहे. तो उत्तरेचाच माणूस, आणि त्याचा रोख थेट वासरावर आहे: ‘कारागिरानं केलं, ते देव नव्हे’ (८:६). तो बेथेलला ‘बेथ-आवेन’ म्हणतो. ‘आवेन’ म्हणजे अधर्म, पोकळपणा. देवाच्या घराचं अधर्माचं घर होतं. आमोसानंही ५:५ मध्ये ‘हग्गिलगाल गालो यिग्ले’, म्हणजे ‘गिलगाल (हे दुसरं एक देवस्थान) नक्की बंदीवासात जाईल’, असा ध्वनीचा खेळ करून पुढे लगेच बेथेलचं आवेन केलं आहे. भाषांतरात हा घाव हरवतो. तेव्हा सगळी टीका यरुशलेमेतूनच आली असं कोणी म्हटलं, तर होशेय त्याला आडवा येतो. तरीही याच होशेयानं १२व्या अध्यायात याकोबाला देव भेटला तो बेथेलातच, हे मान्य केलं आहे.

इ.स.पू. ७२२-७२०च्या सुमारास अश्शूरनं शोमरोन जिंकलं. २ राजे १७:२८ प्रमाणे बंदीवासात नेलेला एक याजक परत पाठवला गेला, तो बेथेलात राहिला आणि नव्या वसाहतवाल्यांना याहवेची भक्ती कशी करावी हे शिकवू लागला. शंभर वर्षांनी, इ.स.पू. ६२२च्या सुमारास, यहूदाचा राजा योशीया यानं बेथेलची वेदी फोडली आणि थडग्यांतली हाडं तिच्यावर जाळून ती बाटवली (२ राजे २३). एक थडगं मात्र त्यानं राहू दिलं: १ राजे १३ मधल्या यहूदाच्या देवमाणसाचं, ज्याला बेथेलच्या म्हाताऱ्या संदेष्ट्यानं खोटं बोलून जेवायला थांबवलं आणि ज्याला वाटेत सिंहानं मारलं. ती विलक्षण कथा त्या थडग्याभोवती वाढली असावी, कारण लोक त्याकडे बोट दाखवून विचारत असणार, हे कोणाचं?

उत्खननानं काय दिलं? अपेक्षेपेक्षा कमी. विल्यम ऑलब्राइट यांनी १९३४ साली आणि जेम्स केल्सो यांनी १९५४ ते १९६० या काळात बेतीनमध्ये खोदकाम केलं. टेकाडाच्या मोठ्या भागावर आजचं गाव वसलेलं आहे. घरं, तटबंदी, भांडी मिळाली. मंदिर मिळालं नाही. दानला अव्राहाम बिरान यांना १९६६पासूनच्या उत्खननात दगडी चौथरा आणि वेदीचं शिंग सापडलं, तसं इथे काही नाही. कदाचित देवस्थान गावाबाहेर पूर्वेला, आजच्या बुर्ज बेतीनपाशी असेल; अब्राहामाची वेदी उत्पत्ती १२:८ मध्ये बेथेलच्या पूर्वेलाच सांगितली आहे. इस्राएल फिंकेलश्टाइन आणि लिली सिंगर-अविट्झ यांनी २००९ साली जुन्या उत्खननातली भांडी पुन्हा तपासली. वस्ती जोमाची दिसली ती लोहयुगाच्या सुरुवातीला आणि आठव्या शतकात. बाबेली आणि पारसी काळात जवळजवळ काहीच नाही. यरुशलेम पडल्यावर बेथेलचं देवस्थान पुन्हा फुललं, असं मीही कित्येक वर्षं वर्गात सांगत आलो होतो. ती तपासणी वाचल्यावर ते सांगणं मी सोडून दिलं. नाईल नदीतल्या एलेफंटाइन बेटावरच्या यहुद्यांच्या कागदांत ‘अनात-बेथेल’ आणि ‘एशेम-बेथेल’ ही देवतांची नावं येतात, ती पाहून काही जण गावाशी नातं जोडतात. पण बेथेल नावाचा देव अरामी-फिनिशी जगात स्वतंत्रपणे माहीत होता, अश्शूरचा राजा एसरहद्दोन यानं सोर (टायर) शहराच्या राजाशी केलेल्या तहातही तो आहे. म्हणून मी हा धागा फार ओढत नाही.

गाव पुढे राहिलं, देवस्थान नाही. इ.स.पू. १६०च्या सुमारास सेल्युकस घराण्याचा सेनापती बक्खीदेस यानं बेथेलला तटबंदी केली. जवळपास त्याच काळात एका यहुदी लेखकानं उत्पत्तीची कथा पुन्हा सांगितली, ती योवेलांचं पुस्तक म्हणून ओळखली जाते. त्यात ३२व्या अध्यायात याकोब बेथेलात आपला दशमांशाचा नवस फेडतो. बन्यामीन तेव्हा राहेलच्या पोटात असतो. याकोब धाकट्यापासून वर मुलं मोजतो आणि दहावा लेवी येतो, म्हणून लेवी देवाचा होतो आणि तिथेच पहिला याजक बनतो. मग याकोब त्या जागेला कोट बांधून ती कायमची पवित्र करायचं ठरवतो. रात्री देवदूत स्वर्गातून सात पाट्या घेऊन उतरतो आणि त्याला सांगतो: इथे बांधू नको, हे सर्वकाळचं पवित्रस्थान करू नको, इथे राहू नको, कारण ती जागा ही नव्हे.